फोकस
मेनफ्रेम म्हणजे मोठ्या सामायिक संगणकावर साठवलेल्या विदेतून अहवाल व आलेख काढण्यासाठी वापरली जाणारी चौथ्या पिढीची (काम कसे करायचे याऐवजी काय हवे एवढेच सांगावे लागणारी) संगणकभाषा. आज्ञावलीकारावर अवलंबून न राहता लेखा, विक्री वा कर्मचारी विभागातील माणसाला स्वतःचा अहवाल काढता यावा, हा तिचा मूळ हेतू.

फोकसला स्वतंत्र निर्मिती मानावे की रॅमिस या आधीच्या अहवाल-प्रणालीची पुढची पायरी, याविषयी एकवाक्यता नाही. रॅमिस साधारणतः १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्स्टन येथील मॅथेमॅटिका या कंपनीत आकारास आली आणि तिच्या जडणघडणीत जेराल्ड कोहेन यांचा मोठा वाटा होता. नॅशनल सीएसएस ही कंपनी आपल्या सामायिक संगणक सेवेवर रॅमिस भाड्याने देई. पुढे तिने नोमॅड ही स्वतःची भाषा काढली. कोहेन यांनी १९७५ मध्ये पीटर मिटलमन यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये इन्फर्मेशन बिल्डर्स ही कंपनी स्थापन केली व फोकस बाजारात आणली. फोकसची आज्ञावली नव्याने लिहिलेली असली, तरी वाक्यरचनेतील साम्य पाहता तिला रॅमिसच्याच कुळातील मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

फाइलमधील क्षेत्रांचे (माहितीच्या रकान्यांचे) वर्णन ‘मास्टर फाइल’मध्ये एकदा नोंदले, की ‘टेबल फाइल’, ‘सम’ (बेरीज), ‘बाय’ (ओळींनुसार वर्गवारी), ‘अक्रॉस’ (स्तंभांनुसार वर्गवारी) अशा मोजक्या शब्दांत विनंती लिहिली, की वर्गवारी व बेरजांसह अहवाल मिळतो. व्हीसॅम, आयएमएस, अडाबास, डीबी२ या मेनफ्रेमवरील इतर विदासाठवण प्रणालींतील विदाही जागच्या जागी वाचता येते. ‘टेबल’ऐवजी ‘ग्राफ’ लिहिताच त्याच विनंतीचा आलेख होतो : ‘अक्रॉस’पुढे संख्यात्मक क्षेत्र असल्यास रेषालेख, अक्षरात्मक असल्यास उभे स्तंभ, तर ‘बाय’ने आडव्या पट्ट्या. ही सोय नवख्याला उपकारक असली, तरी आलेखाचा प्रकार विदेच्या रूपावर बांधला जातो. शिवाय आयबीएम ३२७९ सारखे चित्रक्षम टर्मिनल नसल्यास अक्षरचिन्हांनी रेखाटलेल्या ओबडधोबड आकृतीवर भागवावे लागे.

याहून गंभीर दोष विदेच्या श्रेणीबद्ध रचनेतून (मुख्य नोंदीखाली उपनोंदी ठेवण्यातून) उद्भवतो. वरच्या स्तरावरील नोंदीखाली विनंतीत मागितलेली उपनोंद नसेल, तर मूलनिवडीनुसार (वापरकर्त्याने काही न बदलल्यास) ती वरची नोंद अहवालातून कोणतीही सूचना न देता गळते. उदाहरणार्थ, एकही प्रशिक्षण न घेतलेला कर्मचारी यादीत दिसतच नाही. ‘सेट ऑल’ ही निवड चालू केल्यास तो दिसतो. परंतु ज्या अ-तज्ज्ञासाठी भाषा घडवली, त्यालाच हे खाचखळगे ठाऊक नसण्याचा संभव अधिक. सैल निवड-अटींमुळे संपूर्ण फाइल वाचली जाऊन सामायिक यंत्रावर ताण येई, ही संगणक विभागांची तक्रारही साधार होती.

पुढे वैयक्तिक संगणकासाठी पीसी/फोकस व महाजालासाठी वेबफोकस या आवृत्त्या निघाल्या. इन्फर्मेशन बिल्डर्स २०२१ मध्ये टिब्को कंपनीत विलीन झाली.