यामा-नो-कामी: शेतकऱ्याचा देव, शिकाऱ्याची देवी

जपानच्या खेड्यांबद्दल वाचताना ‘यामा-नो-कामी’, म्हणजे डोंगराचा देव, वारंवार भेटतो आणि हमखास गल्लत होते. एकीकडे वाचावं तर तो वसंतात शेतात उतरतो. दुसरीकडे ती बाई आहे आणि डोंगर सोडतच नाही. दोन्ही खरं आहे. भात पिकवणाऱ्यांची श्रद्धा वेगळी, जंगलावर जगणाऱ्यांची वेगळी. नाव तेवढं एक.

शेतकऱ्याचा देव पाहुणा असतो. बर्फ वितळून डोंगराचं पाणी खाचरांत येतं, त्या सुमारास तोही खाली उतरून ‘ता-नो-कामी’, शेताचा देव, होतो. कापणी झाली की परत वर. नोतो द्वीपकल्पात मात्र हिवाळ्यात त्याचा मुक्काम शेतकऱ्याच्या घरीच. तिथला ‘आएनोकोतो’ हा विधी मला फार भावतो. २००९ मध्ये तो युनेस्कोच्या वारसा यादीत आला. ५ डिसेंबरला घरधनी ठेवणीतले कपडे घालून शेतावर जातो, न दिसणाऱ्या देवाला घरी घेऊन येतो, अंघोळीला ऊन पाणी देतो. देवाची नजर अधू, म्हणून पुढ्यात वाढलेला एकेक पदार्थ त्याला तोंडाने सांगायचा: हा भात, हा मासा, हा दोन पायांचा मुळा. ९ फेब्रुवारीला पुन्हा जेवू घालून निरोप.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांना या ये-जा करणाऱ्या देवात घराण्याचे पूर्वज दिसले. शेतकऱ्याच्या देवाला ते शोभतं, शिकाऱ्याच्या देवीला नाही.

कारण शिकारी, लाकूडतोडे, कोळसा पाडणारे यांच्यासाठी ती डोंगराची मालकीण. झाडं तिची, अस्वलं तिची. माणूस तिच्या घरात शिरलेला. म्हणून इथे आदरातिथ्य नाही, धाक आहे. अकिताकडचे मातागी शिकारी डोंगरात गावची भाषा बोलत नसत, त्यांचे रानातले शब्द वेगळे. देवी दिसायला कुरूप आणि मत्सरी मानलेली, म्हणून तिला ओकोझे नावाचा विद्रूप मासा वाहायचा: आपल्याहून कुरूप कुणी पाहिलं की ती खूश होते. काही ठिकाणी शिकारी वाळवलेला ओकोझे जरासाच दाखवत. शिकार दे, मग पुरता दाखवतो.

वर्षातून एकदा ती आपली झाडं मोजते. पूर्व जपानात बऱ्याच गावांत तो दिवस १२ तारखेचा. त्या दिवशी कुणी रानात जात नाही. गेलेला माणूस झाड म्हणून मोजला जातो.