काळा उतार आणि कालची रात्र

म्युनिक, झुरिक, जिनिव्हा इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेक जण आता स्कीइंग शिकले आहेत. स्कीच्या उतारांना तीव्रतेनुसार रंग दिलेले असतात. निळे म्हणजे सोपे उतार झाले, मधल्या लाल उतारांची भीती गेली, की पुढचा प्रश्न ठरलेला: "आम्हाला जमेल अशी ब्लॅक रन (सगळ्यात तीव्र, काळा उतार) कुठली?" उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. अमुक गावची सोपी, तमुक गावची अवघड. हे उत्तर अर्धवट आहे. ज्या उतारावर सकाळी नऊला कसलेला स्कीअरही जपून उतरतो, त्याच उतारावर साडेअकराला नवखाही मजेत वळणं घेऊ शकतो. त्यामुळे नुसतं नाव सांगून भागत नाही. किती वाजता जायचं ते सांगावं लागतं आणि आदल्या रात्री आकाश कसं होतं तेही विचारावं लागतं. हा रात्रीचा भाग मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी रंगांचं पाहू. जर्मन मानकानुसार २५ टक्क्यांपर्यंतचा उतार निळा, ४० टक्क्यांपर्यंतचा लाल, त्याहून तीव्र तो काळा. मधल्या छोट्या तुकड्यांना थोडी सूट असते. फ्रान्समध्ये निळ्याच्या खाली हिरवाही असतो. टक्के आणि अंश यांत मात्र गल्लत करू नका. १०० मीटर आडवं अंतर जाताना जितके मीटर खाली उतरतो तितके टक्के, म्हणजे शाळेत शिकलेला टॅन. ४० टक्के म्हणजे जेमतेम २२ अंश. १०० टक्के म्हणजे सरळ उभा कडा असं पुष्कळांना वाटतं, पण तो असतो ४५ अंशांचा उतार. ऑस्ट्रियात मायरहोफेनला 'हाराकिरी' नावाची ब्लॅक रन आहे. तिची प्रसिद्धी ७८ टक्क्यांच्या आकड्यावर चालते. कोनात ती ३८ अंश भरते. तेही भरपूर आहेत, पण ७८ हा आकडा ऐकून मनात जे चित्र उभं राहतं तितके नाहीत. अशा आकड्यांना भुलून कुणी उतार निवडू नये आणि घाबरून टाळूही नये.

रंगाची खरी मर्यादा वेगळीच आहे. तो हंगामाच्या सुरुवातीला नकाशावर छापला जातो आणि एप्रिलपर्यंत तोच राहतो. बर्फ तासातासाला बदलतो.

अवघड उतार म्हणजे नेमका कसला? माझी व्याख्या साधी आहे: पडल्यावर जिथे थांबता येत नाही, तो अवघड. ३५ अंशांचा उतार घ्या. टॅन ३५ म्हणजे ०.७. पडलेल्या माणसाचे कपडे आणि बर्फ यांच्यातला घर्षण गुणांक ०.७ पेक्षा जास्त असेल तर माणूस आपोआप थांबतो. कमी असेल तर वेग वाढतच जातो. गोठून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर हा गुणांक ०.२ आहे असं धरू. मग त्वरण येतं सुमारे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच सेकंदांत माणूस ५० मीटर खाली गेलेला असतो आणि त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर असतो. आता त्याच उतारावर वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर मऊ आहे असं समजा. अंग त्यात रुततं, पुढे बर्फ साचत जातो आणि तोच माणूस काही मीटरांत थांबू शकतो. दोन्ही वेळा कोन तोच होता आणि नकाशावरचा रंगही तोच.

तेव्हा प्रश्न उरतो तो या वरच्या काही सेंटिमीटरचा. मार्च-एप्रिलमध्ये तो थर कसा असेल हे बऱ्याच अंशी रात्री ठरतं.

दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी येते: महाबळेश्वरला वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले, गवतावर आणि जेटीवर हिमकणांची चादर. त्याच दिवशी वेधशाळेतलं किमान तापमान पाहिलं तर ते शून्याच्या चांगलंच वर असतं. मग दव गोठलं कसं? तापमापक पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो आणि हवेचं तापमान मोजतो. गवताचं पातं मात्र उघड्या आकाशाखाली असतं. ते अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता सतत बाहेर टाकतं. निरभ्र, कोरड्या रात्री आकाशाकडून त्यातलं थोडंच परत येतं, त्यामुळे पातं हवेपेक्षा कितीतरी थंड होतं. सखल जागी थंड हवा साचते, तिचीही भर पडते. आल्प्समध्ये रात्री बर्फाच्या बाबतीत हेच घडतं, आणि तिथे ते फार मोठ्या प्रमाणावर घडतं.

बर्फ आपल्या डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो. ताजा बर्फ दृश्य प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. पण उष्णतेच्या अवरक्त किरणांपुरता विचार केला तर बर्फ जवळपास पूर्ण काळा आहे. पाठ्यपुस्तकात शिकवतात त्या आदर्श कृष्णपदार्थाच्या अगदी जवळचा. म्हणजे दिवसा ऊन घ्यायला तो नाखूश असतो आणि रात्री उष्णता सोडून द्यायला कमालीचा तत्पर. सृष्टीत इतका सोयीचा पदार्थ दुसरा क्वचितच सापडेल.

हिशेब करून पाहू. शून्य अंशाचा बर्फ दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॉट बाहेर टाकतो. डोंगरावरच्या निरभ्र आकाशाकडून २२० वॉट परत येतात असं धरा. निव्वळ तोटा ९५ वॉट. दहा तासांत ही ऊर्जा होते सुमारे ३.४ मेगाज्यूल. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं. भागाकार केला की उत्तर येतं दर चौरस मीटरला दहा किलो पाणी. दुपारच्या उन्हाने भिजलेल्या बर्फात घनफळाच्या पाच टक्के पाणी असेल, तर दहा किलो पाणी साधारण २० सेंटिमीटर जाडीच्या थरात असतं. म्हणजे एका स्वच्छ रात्रीत वीतभर जाडीचा थर गोठून घट्ट होऊ शकतो. प्रत्यक्षात तो थोडा पातळ होतो, कारण पृष्ठभाग थंड पडला की तो कमी उष्णता टाकू लागतो, आणि खालची उष्णता वरच्या गोठलेल्या थरातून वाट काढत यावी लागते. तरीही माणूस पेलण्याइतका तो मजबूत होतो. आणि हे सगळं हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही होऊ शकतं.

ढग असतील तर? ढगाचा तळ स्वतःच शून्याच्या आसपास असला तर तो जवळपास ३०० वॉट परत पाठवतो. तोटा दहा-पंधरा वॉटांवर येतो आणि रात्रभर काहीच धड गोठत नाही. सकाळी उतार आदल्या दुपारसारखाच लिबलिबीत मिळतो.

आता अजून खोलात जातो. अशा बर्फाचा एक चिमटा हातमोज्यावर घेऊन भिंगाखाली पाहा. ताज्या हिमकणाच्या सहा फाट्यांचा मागमूसही उरलेला नसतो. एक-दोन मिलिमीटरचे गोल, काचेसारखे पारदर्शक कण घोसांनी चिकटलेले दिसतात आणि त्यांच्या सांध्यांत पाण्याची बारीक कडा चमकते. कण गोल आणि मोठे का झाले? लहान कणाच्या पृष्ठभागाची वक्रता जास्त, म्हणून त्याचा वितळणांक मोठ्या कणाच्या मानाने किंचित कमी. पाण्याच्या संगतीत लहान कण विरघळतात आणि तेच पाणी मोठ्या कणांवर गोठतं. पाणी कमी असेल, म्हणजे घनफळाच्या सात-आठ टक्क्यांखाली, तर ते फक्त सांध्यांत अडकून राहतं. पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढतो आणि बर्फ एकसंध राहतो. किनाऱ्यावरच्या ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच कारणाने. पाणी त्याहून वाढलं की कणांमधल्या पोकळ्या सलग भरतात, पृष्ठताणाची ओढ संपते, कणांचे सांधेही विरघळू लागतात आणि थराची ताकद झपाट्याने ढासळते. एकाच दिवसात उतार या दोन्ही अवस्थांतून जातो. पहाटे सांधे गोठलेले, उतार कडक. ऊन लागल्यावर वरचे काही सेंटिमीटर पहिल्या अवस्थेत येतात, खाली अजून घट्ट आधार असतो. जर्मन भाषक आल्प्समध्ये याला 'फिर्न' म्हणतात, अमेरिकेत 'कॉर्न'. ब्लॅक रनवर पहिल्यांदा जाणाऱ्याने थांबावं ते या तास-दीड तासासाठी. त्यानंतर पाणी सीमा ओलांडतं, स्की रुतू लागते आणि गुडघे पिळवटले जातात.

हा तास कधी येणार ते उताराचं तोंड कुठे आहे त्यावर अवलंबून. शामोनीचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. १९२४ मध्ये पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरली ते हे फ्रेंच गाव, सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर. दरीच्या एका बाजूला ब्रेव्हाँ-फ्लेजेर, तोंड आग्नेय-दक्षिणेकडे, समोर माँ ब्लाँ. दुसऱ्या बाजूला आर्जांतिएरच्या वर ग्राँ मोंते, तोंड उत्तर-वायव्येकडे. २१ मार्चच्या आसपास भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजावर ४४ अंशांवर असतो. ३० अंशांच्या दक्षिणमुखी उतारावर किरण जवळजवळ लंब पडतात. त्याच कोनाच्या उत्तरमुखी उतारावर ते घासत जातात. कोसाइनचं गुणोत्तर काढलं तर दक्षिण उताराला चौपट ऊन मिळतं. डिसेंबरअखेरीस तर ३० अंशांच्या उत्तर उतारावर थेट ऊन पडतच नाही. पुण्याच्या अक्षांशावर मार्चमध्ये हाच फरक दीडपटीचा असतो, म्हणून आपल्या डोंगरांकडे पाहताना ही गोष्ट इतकी जाणवत नाही.

दिशांचा विषय निघाला की आपल्याकडे वास्तुशास्त्राची आठवण काढली जाते: "बघा, दिशेला महत्त्व आहेच ना!" आहे, पण दिशेच्या अंगी कुठला गुण असतो म्हणून नव्हे. न्यूझीलंडमध्ये किंवा चिलीत उन्हाची बाजू उत्तर असते आणि दक्षिणेचे उतार सावलीत असतात. महत्त्व आहे ते सूर्यकिरण आणि पृष्ठभाग यांच्यातल्या कोनाला. तो मोजता येतो आणि जागा बदलली की बदलतो. ज्याचं उत्तर जागेनुसार तपासता येत नाही, त्यासाठी घराच्या भिंती पाडू नयेत.

तर मार्चच्या उत्तरार्धात, स्वच्छ रात्रीनंतर शामोनीत काय करावं? सकाळी नऊला ब्रेव्हाँ-फ्लेजेरच्या यंत्राने न सपाटलेल्या तीव्र उतारांवर जाऊ नये. आदल्या दुपारच्या मऊ बर्फात शेकडो स्कींनी पाडलेल्या चऱ्या रात्री जशाच्या तशा गोठलेल्या असतात. स्कीची धार त्यांत अडकते, सुटते, परत अडकते, आणि स्कीची ही थरथर थेट दातांपर्यंत पोचते. त्या वेळी ग्राँ मोंतेची बाजू बरी, कारण तिथला उंचावरचा बर्फ मुळात वितळलेलाच नसतो. थंड, कोरडा, दाबून बसलेला असा तो धार पकडू देतो. (तिथला माथ्यापर्यंत जाणारा रोपवे सप्टेंबर २०१८ मध्ये मधल्या स्थानकाला लागलेल्या आगीनंतर बंद पडला, त्यामुळे निघण्याआधी कुठल्या लिफ्ट सुरू आहेत ते पाहावं.) अकराच्या सुमारास दरीच्या उन्हाच्या बाजूला यावं. उताराच्या कडेला स्कीची काठी टेकवून बघावी. टोक दोन-तीन सेंटिमीटर सहज शिरून मग कडक थराला लागलं, तर वेळ झाली. नुसता टणक आवाज आला तर अजून अर्धा तास कॉफी. मुठीपर्यंत काठी गेली तर उशीर झाला, दुसरा उतार शोधा. पूर्वमुखी उतार सगळ्यांत आधी तयार होतात, मग दक्षिणेचे, पश्चिमेचे दुपारनंतर.

एकाच ब्लॅक रनचं तोंडही सगळीकडे सारखं नसतं. वरचा भाग आग्नेयेला आणि मधला घळीतला तुकडा ईशान्येला, असं सर्रास असतं. ऊन पाहून वर शिरलेला माणूस मधे सावलीतल्या गोठलेल्या भागात सापडतो. म्हणून समोच्च रेषांचा नकाशा पाहावा, रिसॉर्टचं रंगीत चित्र नव्हे. त्या चित्रात सगळे उतार कागदावर बसवण्यासाठी डोंगर ओढूनताणून वळवलेले असतात. आणि पहिल्यांदा जाताना शक्यतो यंत्राने सपाट केलेली काळी वाट घ्यावी, कारण तिथे कोन तीव्र असला तरी चऱ्या नसतात.

ढगाळ, उबदार रात्रीनंतर हे सगळं वेळापत्रक रद्द. अशा दिवशी उन्हाच्या बाजूचे तीव्र उतार सकाळपासूनच कमकुवत असतात आणि ओल्या हिमप्रपाताचा धोका लवकर सुरू होतो. युरोपात हिमप्रपाताच्या धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी आहे आणि रोजच्या पत्रकात रात्री बर्फ नीट गोठला का याचाही उल्लेख असतो. तो वाचावा. उतार बंद असल्याची पाटी किंवा दोरी दिसली तर ती ओलांडू नये, पलीकडचा बर्फ कितीही छान दिसला तरी.

नव्या हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांना यातलं काही लागू पडत नाही. तेव्हा वितळण्या-गोठण्यापेक्षा वारा आणि बर्फाच्या थरांमधले कच्चे सांधे महत्त्वाचे ठरतात, आणि त्यांचं गणित रात्रीच्या आकाशावरून मांडता येत नाही.