जुने संगणक, मुक्त कार्यप्रणाली आणि गोवा : एका निवडीची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य संपले. विंडोज ११ बसवायची तर टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते, आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. त्यामुळे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शाळांत, वाचनालयांत आणि घरांत असे कितीतरी संगणक आहेत, जे बिघडलेले नाहीत, पण ज्यांना अधिकृत वाट उरलेली नाही. विंडोज एक्सपीच्या वेळी, म्हणजे ८ एप्रिल २०१४ रोजी, आणि विंडोज ७ च्या वेळी, १४ जानेवारी २०२० रोजी, हेच घडले होते. यंत्राचे आयुष्य यंत्र बनवणारा किंवा वापरणारा नव्हे, तर कार्यप्रणाली विकणारा ठरवतो, ही या प्रश्नाची मुळाशी असलेली अडचण आहे.

तिला उत्तर देणारी, कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ बरीच जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त कार्यप्रणाली घडवण्यासाठी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या आपल्या संगणकावर लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्र चालवणारा मध्यवर्ती भाग, लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणून सर्वांना खुला केला. लिनक्सचा जन्म महागड्या सर्व्हरवर नव्हे, तर घरगुती यंत्रावर झाला, हे जुन्या संगणकांचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, पण टेलिफोनच्या तारेवरून अख्खी कार्यप्रणाली उतरवून घेणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. १९९६ पासून ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि अनेकांच्या हाती लिनक्स प्रथम आले ते अशा सीडीवरून.

गोव्यात हा विषय छंदापुरता न राहता शाळांच्या गरजेचा झाला तो शतकाच्या वळणावर. परदेशी स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने अमेरिकेत वापरून झालेले संगणक गोळा करून येथील शाळांना मिळवून देण्याचा खटाटोप केला. फुकट आलेल्या यंत्राचा खर्च कुठे निघतो, हे अशा वेळी कळते. देणगीदार खासगी माहिती पुसण्यासाठी हार्ड डिस्क कोरी करून देतो, त्याबरोबर कार्यप्रणालीही जाते, आणि नवा परवाना घ्यायचा तर तो कधी कधी यंत्राच्या बाजारभावापेक्षाही महाग पडतो. मुक्त कार्यप्रणाली हा तेथे तत्त्वाचा प्रश्न होता, तसाच शाळेच्या जमाखर्चाचाही होता.

त्याच सुमारास लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट १९९९ मध्ये सुरू झाला होता. या पद्धतीत एकच बऱ्यापैकी ताकदीचा संगणक सर्व्हर म्हणून ठेवतात आणि बाकीचे जुने संगणक नेटवर्क कार्डावरून सुरू होतात. त्यांच्याकडे फक्त पडदा, कळफलक आणि माउस सांभाळण्याचे काम उरते. त्यांना हार्ड डिस्क लागतच नाही. चार महिने कोंदट हवेत आणि वरचेवर खंडित होणाऱ्या विजेवर चालणाऱ्या संगणकात हार्ड डिस्क हा आधी दगा देणारा भाग असतो, आणि म्हणूनच ही रचना आपल्या हवामानाला विशेष मानवणारी आहे. देखभालही एकाच यंत्राची करावी लागते, जी एकट्या संगणक शिक्षकाच्या आवाक्यात असते.

मराठी आणि कोकणी वापरणाऱ्यांपुढे मात्र लिपीचा वेगळाच प्रश्न होता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीचा शासकीय वापर मान्य केला, पण संगणकावर देवनागरी लिहिली जात होती ती प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र फॉण्टसंचात. एका यंत्रावर टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली, आणि तेथे तोच फॉण्ट नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण लिनक्सवर जोडाक्षरे नीट जुळवणारी व्यवस्था स्थिरावायला पुढची दहा-बारा वर्षे गेली. भारतीय भाषांत लिनक्स आणणाऱ्या इंडलिनक्स गटाच्या स्वयंसेवकांनी केलेली भाषांतरे, रेड हॅट या कंपनीने खुले केलेले लोहित फॉण्ट, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारून काढलेली बॉस लिनक्स हे त्या वाटचालीतले टप्पे होत. माझ्या मते मुक्त प्रणालीने मराठीला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट किंमतीतली बचत नसून, कोणाच्याही परवानगीविना आपली लिपी दुरुस्त करून घेण्याची मुभा ही आहे.

आज निवड करताना ही पार्श्वभूमी उपयोगी पडते. रूपापेक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील, हे आधी पाहावे. या कसोटीवर १९९३ पासून चाललेली डेबियन आणि २००६ पासूनची लिनक्स मिंट या दोन्हींवर मी निर्धास्तपणे भरवसा ठेवीन. चार जीबी मेमरी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चांगली चालते, दोन जीबीवर लुबुंटू ही हलकी लिनक्स किंवा हलक्या मांडणीची डेबियन बरी. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी फिरते भाग नसलेली छोटी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही पुन्हा वेग येतो, आणि या एका खर्चाबाबत हात आखडू नये. ज्या संगणकावर टॅलीमध्ये हिशेब ठेवले जातात किंवा डिजिटल स्वाक्षरीची कामे होतात, त्यावर मात्र घाईने प्रणाली बदलणे योग्य नाही. आधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून प्रिंटर, वायफाय आणि स्वाक्षरीचे टोकन चालतात का, हे तपासावे.

मुक्त प्रणालींनाही मर्यादा आहेत, आणि त्या वाढत आहेत. लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस काढला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरच्या, संगणकांसाठी प्रणाली बसवण्याची सोय बंद केली. अशा यंत्रांना अँटीएक्स या हलक्या लिनक्ससारखे थोडेच पर्याय उरतात. जी यंत्रे खरोखरच निकामी झाली, त्यांच्यासाठी देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनी जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले आहे.