जुन्या रीलमधला तो न निघणारा स्क्रू

गळाने मासे पकडणाऱ्यांकडे एखादं तरी जुनं रील, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायची हँडलवाली चकरी, कपाटात पडलेलं असतंच, हँडल फिरवलं की करकर वाजतं नाहीतर फिरतच नाही, आणि मग लोक भंगार समजून टाकून देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, टाकू नका, कारण आतले गिअर बऱ्याचदा झिजलेले नसतात, नुसते अडकलेले असतात.

मी असंच एक उघडायला घेतलं होतं. ॲल्युमिनियमची बॉडी, स्टेनलेस स्टीलचे चार स्क्रू, तीन सहज निघाले आणि चौथा काही केल्या हलेना. त्याच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली. आधी वाटलं मीठ असेल, पण पाणी लावून चोळलं तर विरघळेना, म्हणजे मीठ नाही. हा ॲल्युमिनियमचा गंज, लोखंडासारखा तांबडा नसतो, पांढरा असतो.

होतं काय, दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारं पाणी, एवढं जमलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो, स्टील मात्र जसंच्या तसं. बरं, पाणी वाळलं म्हणून हे थांबतं असंही नाही, कारण मीठ आत राहिलेलंच असतं आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं, म्हणजे कपाटात बंद असलेलं रीलसुद्धा दमट दिवसांत आतून गंजत राहतं. त्यातून जे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतं ते मूळ धातूच्या साधारण तिप्पट जागा घेतं. आट्यांमधे तेवढी जागा कुठली असणार, मग ती भुकटी पाचरीसारखी ठासून बसते.

इथे जोर लावला की स्क्रूची खाच गेलीच समजा, मग ड्रिल मारण्याशिवाय इलाज नाही. त्यापेक्षा गंज सोडवणारं पातळ तेल दोन थेंब टाकायचं आणि रात्रभर ठेवायचं, बारीक फटीत ते आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. सकाळी तेल नीट पुसून घ्यायचं आणि हेअर ड्रायरने गरम करायचं (ज्योत अजिबात नको, तेल पेट घेतं). तापमान एका अंशाने वाढलं की मीटरभर ॲल्युमिनियम साधारण 23 मायक्रोमीटर वाढतं आणि स्टेनलेस स्टील 17 च्या आसपास, म्हणजे भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. हिशोब केला तर 4 मिलिमीटरच्या स्क्रूला 50 अंशांमागे जेमतेम एक मायक्रोमीटर मोकळीक मिळते, केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी, पण तेवढ्यानेही भुकटीची पकड ढिली होते. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट, असं हलवत राहिलो आणि तिसऱ्यांदा गरम केल्यावर टक् असा आवाज आला. तो आवाज ऐकून झालेला आनंद मला शब्दांत नाही सांगता येणार.

आत तपकिरी मेणासारखं काहीतरी थापलेलं होतं, ते जुनं ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल, आणि वर्षानुवर्षांत तेल झिरपून जातं, उरलेल्याचं हवेने चिकट राळ होतं. ते रॉकेलने सुटतं, पण प्लास्टिक आणि रंगावर आधी कोपऱ्यात लावून बघा, तिथे कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश बरा. पितळेवरच्या हिरवट डागांना व्हिनेगर चालतं, पण जपून. एक पितळी गिअर माझ्याकडून रात्रभर त्यात राहिला आणि सकाळी गुलाबी झाला होता, कारण पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि मागे तांब्याचा कमकुवत थर उरतो. अजून वाईट वाटतं त्याचं. हिरवट डाग पाच-दहा मिनिटांत सुटतात, त्यापुढे ठेवायचंच नाही.

जोडताना गिअरला ग्रीस, बेअरिंगला पातळ तेल. हँडल उलट फिरू न देणारं रोलर बेअरिंग असेल तर त्यात ग्रीस नको, ते बेअरिंग घर्षणानेच अडकतं, ग्रीस भरलं की निसटायला लागतं.

आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक. माझ्या मते रीलचा खरा जीव इथे आहे आणि लोक नेमकं हेच न बघता झाकण लावून टाकतात. फेल्ट (दाबून बनवलेलं जाड लोकरी कापड), चामडं नाहीतर कार्बन फायबरच्या चकत्या धातूच्या चकत्यांवर दाबून धरलेल्या असतात आणि मासा ओढतो तेव्हा त्या घसरतात. स्थिर वस्तू हलवायला लागणारा जोर हा सरकती ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, चकत्या चिकट झाल्या की हा फरक वाढतो, लाईन (गळाचा दोरा) अडकत अडकत सुटते आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच झटक्याला तुटते. लाईनला स्प्रिंगचा काटा बांधून हळू ओढा, सुरुवातीचा आकडा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे, आणि तो लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. काम झालं की ड्रॅगचा नॉब सैल करूनच रील ठेवा, आवळलेला राहिला तर फेल्ट दबून चपटं होतं.