व्हीलचेअर देण्यासाठी परदेशात स्वयंसेवक तयार करणं

एका देशातल्या जाणकारांनी दुसऱ्या देशात जायचं आणि दिव्यांग माणसाचं माप घेऊन त्याला नीट बसेल अशी व्हीलचेअर कशी द्यायची ते तिथल्या लोकांना शिकवायचं, असं हे काम आहे. शिकणाऱ्यांत फिजिओथेरपिस्ट, नर्स असतात, तसेच सायकल दुरुस्त करणारे, वेल्डर, शिक्षक आणि स्वतः व्हीलचेअर वापरणारेही असतात. यातले सगळ्यात चांगले शिकवणारे हेच शेवटचे, कारण दिवसभर खुर्चीत बसल्यावर कुठे दुखतं ते त्यांना विचारावं लागत नाही.

पूर्वी (आणि बऱ्याच ठिकाणी आजही) पद्धत अशी की एकाच साईझच्या हॉस्पिटल टाईप खुर्च्या कंटेनर भरून आणायच्या, मांडव घालून वाटायच्या, फोटो काढायचे आणि निघायचं. पण दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा चालत नाही तशी दुसऱ्याच्या मापाची खुर्चीही चालत नाही, उलट पाठीला दुखापत होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला चुकीच्या खुर्चीत, कुशनशिवाय बसवलं तर बेडसोर, म्हणजे सतत दाबामुळे पडणारी जखम, होतो, त्याला ते कळतही नाही, आणि जखम चिघळली तर जीवावर बेततं. म्हणून नुसती खुर्ची देऊन मोकळं होणं मला तरी धोक्याचंच वाटतं.

१९९१ मध्ये ब्रिटनमधल्या मोटिव्हेशन या संस्थेची सुरुवात बांगलादेशात झाली, तिथल्या लोकांनाच खुर्च्या बनवायला शिकवत. पुढे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साधनं कमी असलेल्या भागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नाव नोंदवण्यापासून तपासणी, खुर्ची ठरवणं, पैशाची सोय, जोडणी, फिटिंग, वापरणाऱ्याला शिकवणं ते नंतरची देखभाल असे ८ टप्पे आहेत. २०१२ मध्ये त्याच संघटनेचं बेसिक ट्रेनिंगचं पॅकेज आलं, साधारण ५ दिवसांचं, आणि त्यात नुसती लेक्चरं नाहीत तर खरी माणसं समोर बसवून काम करायचं असतं.

मापं तशी मोजकीच आहेत: कमरेची रुंदी, बैठकीची खोली, पोटरीची लांबी, पाठीची उंची. बैठक गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून ३ ते ६ सेंटीमीटर आखूड ठेवतात, नाहीतर तिची कड पायाला रुतते किंवा माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो. मग येते बुडाखाली किती दाब पडतो ते बघायची, हाताने करायची प्रेशर टेस्ट. माणूस खुर्चीत बसलेला असताना आपली बोटं कुशनवर, त्याच्या बुडाच्या हाडाखाली सरकवायची. बोटांची टोकं थोडी वरखाली हलली तर ठीक, हलत नाहीत पण सहज निघतात तर सावध, आणि घट्ट चिमटली गेली तर त्या कुशनवर त्याला बसवायचंच नाही. दोन्ही बाजू तपासायच्या, आणि आधी विचारून मगच हात लावायचा, हे शिकवणारे पहिल्याच दिवशी बजावतात. मशीन लागत नाही, वीज लागत नाही, म्हणूनच हे कुठल्याही देशात शिकवता येतं.

गोव्यात बसून वाचणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. चिऱ्याच्या पायऱ्या, उंच उंबरठा, अंगणात तांबडी माती आणि पावसात तिचाच चिखल, किनाऱ्याकडे रेती आणि खारी हवा. पुढची चाकं बारीक असलेली हॉस्पिटलची खुर्ची इथे रुतते आणि लवकर गंजते, त्यापेक्षा पुढे एकच मोठं चाक असलेली लांब तीनचाकी खडबडीत रस्त्यावर बरी, फक्त ती अरुंद खोलीत वळत नाही. म्हणून माप घेतानाच घर कसं आहे, संडास कुठे आहे, रोज कुठे जाता हे विचारायला शिकवतात. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, त्यानंतर इथे रॅम्पबद्दल बोलणं खूप वाढलंय आणि ते चांगलंच आहे, पण खुर्चीच्या मापाबद्दलही तेवढंच बोलायला हवं.

हा नुसता दयेचा मामला नाही. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम २० मध्ये, वावरण्याचं कौशल्य दिव्यांगांना आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी सरकारांवर टाकलीय.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या, देखभालीच्या टप्प्याकडे. पाहुणे ट्रेनर परत जातात, ब्रेक सैल होतो, ट्यूब पंक्चर होते, कुशन दबून जातं, लहान मूल असेल तर वाढतं आणि खुर्ची अपुरी पडते. तेव्हा फोन उचलणारा, पाना घेऊन घरी येणारा आणि परत बोटं घालून तपासणारा माणूस त्याच गावातला लागतो, म्हणून ट्रेनिंगला कोणाला बसवायचं हे ठरवताना डिग्रीपेक्षा तो तिथे राहणार आहे का, हे आधी बघावं.