ओढ्याकडून उताराकडे : प्राथमिक शाळेतील पाणलोट-शिक्षणाची पार्श्वभूमी

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत अखेर एकाच ओढ्याला, नदीला किंवा तळ्याला मिळते, तो त्या जलाशयाचा पाणलोट. व्याख्या सोपी आहे. पण नदी डोळ्यांना दिसते, पाणलोट दिसत नाही. तो कळण्यासाठी उतार मनात उभा करावा लागतो, आणि हा विषय लहान मुलांच्या वर्गात उशिरा पोहोचला, याचे एक मोठे कारण मला हेच वाटते.

मुळात नदीला पुरेल एवढे पाणी पावसातून मिळते, हेच मोजून दाखवायला सतरावे शतक उजाडावे लागले. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते व झऱ्यांतून बाहेर पडते, असे युरोपातील अनेक विद्वान तोवर मानत असत. पिएर पेरो या फ्रेंच अभ्यासकाने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यातला पाऊस आणि नदीचा प्रवाह यांचा हिशेब मांडला आणि तिथे पडणारा पाऊस वाहून जाणाऱ्या पाण्याच्या सुमारे सहापट भरतो, असे १६७४ मध्ये प्रसिद्ध केले. जलचक्राचा जो धडा आज शाळेत पाठ होतो, त्याच्या मुळाशी असे मोजमाप आहे.

शाळेत पाणी शिरले ते निसर्ग-अभ्यासाच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही चळवळ रुजली आणि कॉर्नेल विद्यापीठातील ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी शिक्षकांसाठी लिहिलेल्या १९११ च्या मार्गदर्शिकेत पक्षी-कीटकांबरोबर ओढ्यालाही स्थान मिळाले. त्याच सुमारास स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याचा एकच छेद काढून कोणत्या उंचीवर माणसे कोणते व्यवसाय करतात, हे समजावत होते. माथा ते पायथा हा सगळा प्रदेश एकसंध पाहावा, ही दृष्टी त्या चित्रात आहे. तरीही या शिकवणीचा भर निरीक्षणावर होता. पाणी राखणे ही मुलांची जबाबदारी आहे, असे त्यात फारसे नव्हते.

ती जबाबदारी पुढे आली प्रदूषणामुळे, आणि या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण मी इथेच मानतो. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने प्रामुख्याने कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या नळांवर नियंत्रण आणले. नळ दाखवता येतो, त्याला परवाना देता येतो, त्याच्या मालकाला दंड करता येतो. पण शेतातले खत, रस्त्यावरचे तेल, उघड्या जमिनीची माती आणि जनावरांची विष्ठा पावसाबरोबर सगळ्या उतारावरून येते; या घाणीला एक तोंड नसते. अशा विखुरलेल्या प्रदूषणासाठी १९८७ मध्ये कायद्यात स्वतंत्र तरतूद झाली, परंतु प्रत्येक अंगण आणि प्रत्येक बांध तपासायला निरीक्षक कुठून आणणार? तिथे माणसांच्या सवयीच बदलाव्या लागतात. त्यामुळे शिक्षण हे पाणी राखण्याच्या कामाची शोभा न राहता त्याचा भाग बनले.

दरम्यान तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे १९७७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण-शिक्षणाच्या उद्दिष्टांत माहितीच्या जोडीला कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभागही घातला होता. मिशिगन विद्यापीठाचे विल्यम स्टॅप यांनी १९८९ मध्ये नद्यांची तपासणी करणाऱ्या शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराच्या पाणलोटातील राज्यांनी २००० च्या करारात शालेय शिक्षण संपण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला उपसागराचा किंवा ओढ्याचा अर्थपूर्ण प्रत्यक्ष अनुभव देण्याचे ठरवले. २०१४ च्या करारात असा अनुभव प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक अशा तिन्ही टप्प्यांवर किमान एकदा मिळावा, असे उद्दिष्ट आले. प्राथमिक टप्पा वेगळा नोंदवला गेला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

या वयासाठी रुजलेल्या पद्धती साध्या आहेत. कागद चुरगळून अर्धवट उलगडायचा, त्याच्या उंचवट्यांवर पाण्यात विरघळणारा रंग लावायचा आणि वरून पाणी फवारायचे : रंग कुठल्या घडीत जमतो, ते मुले स्वतः पाहतात. नंतर पावसाच्या दिवशी शाळेच्या छपरापासून निघून पाणी कोणत्या पन्हाळीने, कोणत्या गटाराने आणि कोणत्या ओढ्यात जाते, याचा माग काढून त्यांनी नकाशा करायचा. त्या नकाशावर माती, तेल किंवा कचरा कुठे पाण्याला मिळतो ती ठिकाणे खुणा करून दाखवली, की पुढे काय करायचे याची चर्चा मुलेच सुरू करतात.