बारा मिनिटांची धाव आली कुठून?

ठरावीक दिवसांनी बारा मिनिटं पळायचं आणि किती अंतर झालं तो आकडा वहीत टिपायचा, ही रीत आज जिममधली वाटते. पण ती रुजली लष्करात, आणि कारण होतं सोय.

दम मोजायची शास्त्रीय पद्धत भलतीच किचकट होती. १९२३ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल आणि हार्टली ल्युप्टन यांनी पळणाऱ्याचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं ते मोजलं. एका टप्प्यानंतर वेग वाढला तरी हा आकडा वाढत नाही, असं त्यांना दिसलं. ठीक, पण पलटणीच्या पलटणीला पिशव्या कोण बांधत बसणार? दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डमध्ये तोडगा निघाला: २० इंची बाकावर मिनिटाला ३० वेळा चढउतार, पाच मिनिटं, आणि मग नाडी.

१९६३ मध्ये ब्रुनो बाल्के यांनी १५ मिनिटांची धाव सुचवली. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १२ मिनिटांवर आणली. ११५ जवानांची मैदानावरची धाव आणि ट्रेडमिलवरचा ऑक्सिजनचा आकडा त्यांनी ताडून पाहिला. सहसंबंध निघाला ०.८९७ (१ म्हणजे पूर्ण मेळ). १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पिशवीचं काम घड्याळावर भागू लागलं. सूत्रही सोपं: मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. २४०० मीटर पळालात तर उत्तर ४२ च्या आसपास, म्हणजे किलोमागे मिनिटाला तितके मिलिलिटर ऑक्सिजन.

पुढे ब्राझीलच्या सैन्यातले कॅप्टन क्लाउडिओ कौतिन्यो यांनी ही चाचणी १९७० च्या ब्राझील फुटबॉल संघाच्या तयारीत आणली. संघाने विश्वचषक जिंकला (पेले होता, हेही विसरू नये!).

आपल्याकडे पोलीस भरतीत गणित उलटं असतं. अंतर पक्कं, पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर, मोजायची ती वेळ. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्यावर. म्हणून तालुक्याच्या ग्राउंडवर पहाटे पोरं विचारतात, "टायमिंग किती आलं?"

कूपरच्या सूत्रातला दशांश मात्र फार मनावर घेऊ नये. तो हवाई दलातल्या जवानांवरून काढलेला. चाळिशीतल्या बैठ्या माणसाला तो तंतोतंत लागू होईलच असं नाही. जानेवारीत २१०० आणि मार्चमध्ये २२५० मीटर झाले, तर सुधारणा कळायला सूत्र कशाला हवं? मैदान तेच आणि वेळ पहाटेचीच हवी, एवढंच. मे महिन्यात भर दुपारी पळून डिसेंबरशी तुलना केली, तर वहीत उतरेल ते ऊन.